पंडित साळुंख्याचा खोकला

पंडित आणि लता यांचं पहिलं भांडण मी ऐकलं ते पत्र्यातून. मुद्दाम नाही ऐकलं. जयपूरच्या चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, आम्ही राहायचो त्या घरात दोन बिऱ्हाडांच्या मध्ये भिंत म्हणून एक पत्रा होता. पत्र्याला कान नसले तरी मला होते. रविवार होता, भट्टी बंद होती, मी गवार मोडत बसले होते. त्यांच्या लग्नाला दोन महिने झाले असतील.

"तुमच्या अंगाला वास येतो," लता म्हणाली.

"कसला?"

"दवाखान्यासारखा. न्हाई, दवाखाना बरा. सडक्या बॅटरीसारखा."

"तेजाबाचा हाय त्यो. त्याच तेजाबावर तुझ्या गळ्यातलं डोरलं आलंय."

"मग डोरलं बी न्या आन वास बी न्या!"

मग एक भांडं आपटलं. कुणी आपटलं ते पत्र्यातून कळलं नाही. पुढं संध्याकाळपर्यंत त्या घरात फक्त भांडीच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी पंडित भट्टीवरून घरी आला तो डाव्या कानात अत्तराचा फाया खोवून. वाळ्याचं अत्तर. इथले लोक त्याला खस म्हणतात. डावाच कान का, हे मी विचारलं नाही. लता कुठल्या अंगाला निजते ही काही शेजारणीनं विचारायची गोष्ट नव्हे. पण भांडण मिटलं, आणि फाया कानात राहिला तो राहिलाच. पस्तीस वर्षं. रोज सकाळी नवा फाया घालायचा, रात्री निजताना करंगळीनं उकरून काढायचा. देवपूजा एखाद्या दिवशी चुकली असेल, फाया नाही.

आता हा पंडित कोण ते सांगते. आम्ही विट्याकडची गलाईवाली माणसं. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबानं, म्हणजे ॲसिडनं, त्यातला मळ काढायचा आणि चोख सोनं सराफाला परत द्यायचं, हा आमच्या गावांचा धंदा. हिंदुस्थानात जिथं सराफाची गादी आहे तिथं मागच्या बोळात आमच्यातला एकजण भट्टी फुंकत बसलेला सापडेल. माझे मालक जयपूरला आले आणि दोन वर्षांनी गावाकडून पंडितला घेऊन आले. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि त्याला हिंदीतले तीन शब्द येत होते. त्यातले दोन चुकीचे होते.

आमच्याकडे पंडित हे नाव सरळ नाव आहे. कुणाचं गजानन, कुणाचं मनोहर, तसं कुणाचं पंडित. पण जयपुरात त्यानं पहिल्याच दिवशी "मेरा नाम पंडित" असं सांगितलं आणि समोरच्या सराफानं वाकून त्याच्या पायाला हात लावला. साळुंख्यांच्या सात पिढ्यांत कुणी असा मान पाहिला नव्हता. पंडितनं मागं वळून पाहिलं, मागं कुणी नव्हतं, मग त्यानं आशीर्वाद देऊन टाकला. तेव्हापासून तो सगळ्या बाजाराचा पंडितजी. बायका त्याला मुहूर्त विचारायच्या. तो मुशीकडे बघत, भुवया जवळ घेऊन सांगायचा, "गुरुवार." कधीही विचारा, गुरुवार. त्यानं सांगितलेल्या गुरुवारी किमान चार लग्नं लागली असतील आणि चारही टिकली आहेत, हे त्या बायकांच्या सहनशक्तीचं कौतुक. मी एकदा म्हटलं, "भावजी, खरं सांगून टाका की." तर म्हणतो, "वहिनी, त्यांचा मान मोडायचा कशाला?"

त्याच मानापायी फुकट फाया मिळायचा. भट्टीच्या बोळाच्या तोंडाशी नूरुद्दीनचाचाचं अत्तराचं दुकान आहे. दुकान उघडलं की दिवसाचा पहिला फाया पंडितजीच्या कानात, मगच भवानी, असा चाचाचा नेम. मुसलमान अत्तरवाला एका खोट्या ब्राह्मणाला रोज सकाळी खऱ्या भक्तीनं अत्तर लावतो, आणि धंदा दोघांचाही चालतो. असं चाललं होतं.

मग खोकला आला.

कोरोना ओसरला त्या वर्षाचा उन्हाळा. कोरडा खोकला, कफ नाही, ताप नाही. खॅक-खॅक-खॅक असा तीनाच्या हप्त्यानं यायचा. आधी सगळे म्हणाले कोरोनाचं उरलंसुरलं असेल. सहा महिने उरलंसुरलं निघतच राहिलं. बँकेत रांग असली की पंडित एकदा खोकायचा आणि थेट खिडकीशी पोचायचा, एवढा एक फायदा झाला.

इलाजाला सुरुवात आमच्या गल्लीनं केली, कारण गल्लीत डॉक्टर नसलेला माणूस सापडत नाही. वरच्या मजल्यावरच्या मारवाडणीनं मुलेठी चघळायला दिली, म्हणजे आपलं ज्येष्ठमध. लतानं आडुळशाचा काढा केला. मी हळद-दूध सांगितलं. मी तरी मागं का राहू? मग कोपऱ्यावरचा डॉक्टर. त्यानं आ करायला लावला, आत बॅटरी मारली, घशात काही नाही असं म्हणाला आणि घशाचं औषध दिलं. पुढच्यानं छातीचा फोटो काढला. फोटो इतका स्वच्छ आला की डॉक्टर नाराज दिसला. थुंकी तपासली, रक्त तपासलं. टीबी नाही म्हटल्यावर लतानं मारुतीला नारळ फोडला, आणि तो फुटत असताना मागं उभा राहून पंडित खोकला.

त्यानंतरचा डॉक्टर पित्ताचा. त्यानं सांगितलं, पोटातलं आंबट वर घशाशी येतं, मिरची बंद. विट्याकडच्या माणसाची मिरची बंद करणं म्हणजे काय, ते त्या डॉक्टरला कुणी सांगायचं? तीन महिने पंडित दूधभात खात होता. फरक पडला तो एवढाच, की आधी तो जेवून खोकायचा, आता उपाशी खोकायला लागला.

भट्टीच्या धुराचा संशय सगळ्यांनाच होता. मलाही होता. माझे मालकही त्याच धुरात गेले. पण मधे पुतण्याच्या लग्नासाठी पंडित महिनाभर गावी जाऊन राहिला. तिथं भट्टी नाही, तेजाब नाही, माळावरची हवा. खोकला मात्र बिनतिकीट बरोबर गेला आणि तसाच परत आला. मी तेव्हा बोलून दाखवलं, "धुराचा असता तर गावाकडं थांबला असता की." तर त्याचा मुलगा स्वप्नील फोनवरून म्हणाला, "काकी, फुप्फुसात धूर साठलेला असतो." तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, त्यामुळे त्याला फुप्फुसातलं दिसतं.

तेवढ्यात आणखी एक दुखणं सुरू झालं, पण त्याला कुणी दुखणं म्हटलं नाही. पंडित ऐकेनासा झाला. लतानं जिरं सांगितलं तर तो खीरा घेऊन आला, म्हणजे काकडी, तीही एक किलो. लता म्हणाली, "आक्का, बायकोचं न्हाई ऐकायचं हे ह्यांचं जुनंच हाय. त्याला कुठला डॉक्टर?" मलाही पटलं. पुरुष पन्नाशी ओलांडला की घरातलं कमी ऐकतो, हा माझाही अनुभव. तो समोर बसायचा, भट्टीची किल्ली कानात घालून खाजवायचा, खोकायचा आणि विचारायचा, "काय म्हणालीस?"

खरी भीती पडली ती एका मंगळवारी. मुशीतलं वितळलेलं सोनं साच्यात ओतताना श्वास धरावा लागतो, हात दगडासारखा ठेवावा लागतो. ओततानाच खोकला आला. हात हलला, आणि रसाचे थेंब जमिनीवर उडाले, एक पायाच्या बोटावर. सोनं गोळा झालं, गुंजभरही कमी भरलं नाही. पण सराफाचा माणूस समोर उभा होता. त्यानं पंडितजींना नमस्कार केला आणि पुढच्या वेळी माल दुसऱ्या भट्टीवर नेला. मानाला धक्का नाही लावला हं, फक्त माल नेला.

त्या दिवशी पंडित माझ्या दारात बसला आणि म्हणाला, "वहिनी, हात ऱ्हाईला न्हाई तर मी काय करू? मला दुसरं काय येतंय?"

मी म्हटलं, "मुहूर्त सांगा."

तो हसला, आणि हसता हसता खोकला.

मग स्वप्नीलनं फोनवरून सूत्रं हातात घेतली आणि जयपुरातल्याच झालाना भागातल्या एका मोठ्या फुप्फुसवाल्याकडे नाव लावून दिलं. नाव गाळते, माणूस भला होता. मी आणि लता बरोबर गेलो. दवाखाना असा की बसायला गाद्या, प्यायला गार पाणी, आणि आपला नंबर भिंतीवरच्या टीव्हीत. आत एकालाच सोडत होते. पंडित आत गेला, आम्ही बाहेर बसलो. पाव तासानं लताला आत बोलावलं, तिच्या मागोमाग मी घुसले. डॉक्टर पंडितच्या डाव्या हाताला बसला होता, नाकातोंडाला पट्टी बांधून, नजर कागदात. पंडितला काय सांगायचं ते बहुधा सांगून झालं होतं. तो लताकडे वळला आणि समजुतीनं म्हणाला, "पैंतीस साल बहुत होते हैं, बहनजी. अब छुड़वाइए इनसे. आप ही छुड़वा सकती हैं."

लताच्या डोळ्यांत पाणीच आलं. लग्न झालं त्याच वर्षी पंडितनं स्वतःची भट्टी टाकली होती. पैंतीस साल. हिशेब बरोबर बसला. "हां जी," ती म्हणाली, "मैं भी वही बोलती हूं. छोड़ देंगे."

"एकदम नहीं छूटेगी," डॉक्टर म्हणाला. "धीरे धीरे. पर छूटनी चाहिए."

"एकदम छुड़वाती हूं," लता म्हणाली.

एवढ्या समजूतदार बायका डॉक्टरला क्वचितच भेटत असाव्यात. तो उठून उभा राहिला.

म्हणजे ठरलं. भट्टी बंद. दिवाळी झाली की गावाला. स्वप्नीलनं तिकिटं काढली, भट्टी गजाननला द्यायची ठरली. गजानन आमच्याच गावचा, बोळाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. तो येऊन भिंतींना कुठला रंग द्यायचा ते बघूनही गेला. पंडित रोज सकाळी जायचा, फाया घ्यायचा, भट्टी पेटवायचा, आणि मूस न ठेवताच तिच्यासमोर बसायचा. बाजारातल्या बायकांनी त्याला विचारलं, पंडितजी, जाण्याचा दिवस कुठला? पहिल्यांदाच त्यानं गुरुवार सांगितला नाही. म्हणाला, "लडके को पूछो."

गाडीला बारा दिवस उरले तेव्हाची गोष्ट. माझी नात कौमुदी इथंच डॉक्टरकी शिकते. जन्म इथला, त्यामुळे मराठी बोलते तेव्हा निम्मी आमची निम्मी बाजाराची. दुपारी जेवायला घरी आली होती. लता पंडितची फाइल घेऊन आली, पुण्याच्या डॉक्टरला दाखवायची म्हणून कागद लावून दे म्हणाली. पंडित मागं उंबऱ्याशी टेकून उभा. कौमुदी एका हातानं भाकरी मोडत, दुसऱ्या हातानं पानं उलटत होती. मध्येच ती थांबली.

"पंडितआजोबा, तुम्ही सिगरेट पिता?"

पंडित म्हणाला, "न्हाई बाई, आताच जेवलो."

"सिगरेट! स्मोकिंग! इथं लिहिलंय. पस्तीस वर्षांपासून. रोज एक पाकीट."

लताच्या हातातून पदर सुटला. "काय लिवलंय?"

"आणि हे बघा, एकदा सोडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही."

त्यानंतर जे झालं ते ऐकायला पत्र्याची गरज नव्हती, पार तटाबाहेरच्या बनी पार्कातही ऐकू गेलं असेल. लता कंबरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "पस्तीस वरसं? रोजचं पाकीट? म्हंजे त्यो अत्तराचा फाया ह्याच्यासाठी व्हय? माझ्यासाठी म्हणून मी मिरवतीया आन तुमी बिडीचा वास झाकताय!"

"अगं, आईची आण—"

"सासूबाईंना मधी आणू नगा! त्या गेल्या तवा कुठं पीत बसला हुता ते सांगा!"

"आगं, मी तंबाकूला बोट लावलं न्हाई! वहिनींची मिश्री तेवढी आणून देतो—"

ही बातमी आमच्या घरात नवीन होती. कौमुदीनं माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी थापायला आत गेले. भाकऱ्या झालेल्या होत्या, तरी गेले.

आतून ऐकलं. कौमुदीनं लताला खाली बसवलं आणि पंडितला समोर उभं करून मोठ्यानं विचारलं, "आजोबा, डॉक्टरांनी काय काय विचारलं ते सगळं सांगा. अगदी पहिल्यापासून."

"पयलं इचारलं, काय करता. मी म्हटलं, सोने का काम."

"फाइलमध्ये लिहिलंय ज्वेलर. म्हणजे तुम्ही गादीवर बसता असं वाटलं त्यांना. भट्टीचं नाव नाही कुठं. पुढं?"

"मग तोंडाच्या पट्टीतनं इचारलं, कोई लता है?"

लतानं मान वर केली.

"मग तुम्ही?"

"मी म्हटलं, है."

"मग?"

"इचारलं, कब से. म्हटलं, पैंतीस साल से. मग इचारलं, दिन में कितनी. मला जरा इचित्र वाटलं, पण मोठा डॉक्टर. म्हटलं, एकही है जी, बाहर बैठी है. त्यानं लिवून घेतलं."

कौमुदीनं फाइल तोंडावर धरली. खांदे हलत होते.

"आन मग म्हणाला, छोड़ने की कोशिश की? मला वाटलं शहरात इचारत असतील असं. म्हटलं, एक बार माहेर गयी थी, पंधरा दिन. नहीं जमा. तवा त्यानं लई हळहळून बघितलं माझ्याकडं."

"आजोबा," कौमुदी कशीबशी म्हणाली, "लता नाही हो. लत! कोई लत है? मतलब, कसलं व्यसन आहे का?"

पंडितनं लताकडे पाहिलं, लतानं पंडितकडे. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढं खरं उत्तर त्यानं कुठल्याच कागदावर दिलं नसेल. लता लाल झाली. साठीकडे झुकलेली बाई, पण लाजायची ती लाजलीच. मग सावरून म्हणाली, "लत काय आन लता काय, कान फुटले हुते तुमचे?"

आणि हे शेजारपाजारचं, रोजचं, रागातलं बोलणं कौमुदीनं मात्र डॉक्टरच्या कानानं ऐकलं. ती उठली, पंडितच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, जिलेबी खाणार?" पंडित समोर बघत उभा. उजवीकडे जाऊन तेच म्हणाली. "आणलीय का?" पंडितनं विचारलं.

दुसऱ्याच दिवशी ती त्याला बनी पार्कात डॉक्टर विनया यांच्याकडे घेऊन गेली. नाशिकच्या बाई, कान-नाक-घसा बघतात, गावाकडचा माणूस म्हटल्यावर मराठीत बोलतात. मी बरोबर गेले, कारण मिश्रीच्या बातमीनंतर घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. खोकल्याचं नाव आम्ही काढलंच नाही. खोकल्याचे डॉक्टर संपले होते. ऐकू येत नाही एवढंच सांगितलं.

बाईंनी डाव्या कानात नळी घातली, आणि पंडित खोकला. खॅक-खॅक-खॅक. बाई थांबल्या. खोकला थांबला. पुन्हा नळी घातली, पुन्हा खॅक-खॅक-खॅक. बाईंनी नळी बाहेर काढून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"हा खोकला किती दिवसांचा आहे, काका?"

"अडीच वर्सं झाली. पण त्यो न्हाई दाखवायचा, त्यो फुप्फुसाचा हाय," पंडित अगदी नम्रपणे म्हणाला.

"बरं, बरं," बाई म्हणाल्या आणि चिमटा घेतला.

ते बाहेर यायला बराच वेळ लागला. तेल घातलं, पाणी मारलं, पंडित खोकून खोकून पांढरा पडला. शेवटी चिमट्यात एक काळं, लवंगेएवढं, कडक झालेलं काहीतरी आलं. बाईंनी ते पांढऱ्या कापसावर ठेवलं. खोलीभर वाळ्याचा वास सुटला. अडीच वर्षं कानात मुरलेलं अत्तर. वासाला अजून दम होता. नूरुद्दीनचाचा भेसळ करत नाही हे त्या दिवशी डॉक्टरांसमक्ष सिद्ध झालं.

केव्हातरी एक फाया करंगळीला न येता आत सरकला असणार. पंडितला वाटलं, पडला. रोज नवा फाया, रोज किल्ली, आणि तो आत आत, मळात रुतून बसलेला, पडद्याला टेकलेला. बाईंनी समजावून सांगितलं की कानाच्या आत एक नस असते, तीच पुढं घशाकडे, छातीकडे जाते. काहींची अशी नाजूक असते. कानात टोचलं की छातीला वाटतं आपल्याला टोचलं. म्हणून माणूस खोकतो.

"म्हंजे खोकला कानात हुता?" पंडितनं विचारलं.

"मला तसं वाटतंय. पण आठ दिवस बघू या. लगेच नाचू नका."

एवढे डॉक्टर झाले, पण "मला तसं वाटतंय" म्हणणारी ही पहिली. बाकीच्यांना सगळं माहीत होतं.

आठ दिवस लता बोटं मोजत होती, कारण गाडी त्यानंतर तीनच दिवसांनी होती. पहिले दोन दिवस खोकला आला, सवयीनं आल्यासारखा. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदा. चौथ्या दिवशी आलाच नाही. पाचव्या दिवशी पंडितनं स्वतःच खोकून बघितलं, जमलं नाही. सहाव्या दिवशी तो भट्टीवर गेला, मूस ठेवली, स्वतःच्या बोटातली अंगठी वितळवली आणि ओतली. एक थेंब उडाला नाही. लताला येऊन सांगितलं, "हात हाय." दोनच शब्द. ती चुलीकडे तोंड करून बराच वेळ उगाचच फोडणी हलवत राहिली.

स्वप्नीलला फोन केला. "कापूस?" तो म्हणाला. "बाबा, कापूस?" मग म्हणाला सेकंड ओपिनियन घेऊ. पंडितनं फोन उजव्या कानावरून काढून डाव्या कानावर धरला आणि म्हणाला, "आता दोनी कानांनी ऐकू येतंय, पोरा. तिकिटं परत कर." गजाननचा रंगाचा डबा आणलेला तसाच राहिला. तो गोड माणूस आहे, त्यानं आपल्याच भट्टीला लावला.

त्या दिवसापासून पंडितच्या कानाला बंदी. काडी नाही, किल्ली नाही, फाया तर नाहीच. पण नूरुद्दीनचाचाला हे सांगायचं कसं? "पंडितजी के बिना बोहनी?" चाचा म्हणाला आणि त्याचा चेहरा असा झाला की पंडितला नाही म्हणवलं नाही. मान मोडायचा कशाला! मग असं ठरलं की पंडित फाया घ्यायचा, कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवायचा आणि संध्याकाळी लताच्या हातात द्यायचा. लता "मला काय करायचं ते?" म्हणायची आणि पोलक्यात खोचायची.

मिश्री सोडली असं मी घरात सांगून टाकलं होतं, पण माझी एक अडचण झाली. अडीच वर्षं तो बोळातून यायचा ते आधी कळायचं, खोकला पुढं, माणूस मागं. मिश्रीची पुडी लपवून घ्यायला वेळ मिळायचा. आता तो मांजरासारखा दारात उभा राहायला लागला. एकदा सून जवळ असताना सरळ पुडीच पुढं केली. मी म्हटलं, "भावजी, यायच्या आधी जरा खाकरत जावा."

"खोकला बरा करायला अडीच वर्सं गेली, आन आता तुमी खोकायला सांगताय?"

"एकदाच खोका. तीनदा नको."

तेव्हापासून दर शनिवारी पुडी द्यायला येताना बोळाच्या वळणावर तो एकदा खोकायचा. नीट, बेतानं, दारावर टकटक करावी तसं.

एका हिवाळ्यात तो गेला. हृदय बंद पडलं. खोकल्याचं कारण शोधायला अडीच वर्षं लागली होती. ह्याचं डॉक्टरनं दोन मिनिटांत लिहून दिलं, आणि ते कुणी तपासायलाही मागितलं नाही. रविवारी पहाटे झालं ते. शनिवारी तो दिवसभर भट्टीवरच होता. गजाननकडे विट्याहून माणूस आला होता, त्याच्याकडून त्यानं माझी पुडी घेतली. भट्टी विझवली, फरशी झाडली, झाडलेली धूळ डब्यात भरली, कारण आमच्या धंद्यात केरातही सोनं असतं. कुलूप लावलं. चाचाच्या दुकानाशी दोन मिनिटं उभा राहिला; सकाळचा फाया खिशात होताच, तरी रोज जाताना उभा राहायचा. एका बाईनं मुलीच्या साखरपुड्याचा दिवस विचारला, त्यानं गुरुवार सांगितला.

मी तांदूळ निवडत होते, सून आत होती. वळणावर एकदा खाकरल्याचा आवाज आला. मी ताट बाजूला ठेवून हात पदराखाली घेतला. तो दारात आला, पुडी माझ्या हातात सरकवली, आत एकदा बघितलं आणि म्हणाला, "पुढच्या शनवारी जरा उशीर व्हईल, वहिनी." मग खिशावर हात ठेवून, फाया आहे ना ते चाचपून, शेजारच्या आपल्या दाराकडे वळला. लता वाट बघत होती.